टाकीखाली

बोरखेडीत नेटवर्क एकाच जागी सापडतं,
पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर.
टाकीत पाणी नाही. उद्घाटनाच्या दिवशी होतं.
नारळ फुटला, नळ खोकला, तेवढंच.
तेव्हापासून आम्ही पोट्टे तिथं बसतो,
पाच जण, पाच मोबाइल, दोन चार्जर.
इकडं मे महिना, आणि स्क्रीनवर युरोपात बर्फ पडतो.

माझ्या रणगाड्याचं समोरचं चिलखत जाड,
पाठ पातळ.
समोरून गोळा आला तर घसरतो,
बाजूनं आला तर जळतो.
जळलो की गॅरेज. गॅरेजातून परत मैदान.
मध्ये सव्वीस सेकंद,
तेवढ्यात खर्रा घोटून होतो.

नऊ वाजता पुंजाराम दफेदार येतात,
हातात व्हॉल्वची लांब किल्ली.
व्हॉल्व उघडतात, आतली हवा ऐकतात,
बंद करून वहीत वेळ लिहितात.
फौजेतून आल्यापासून हीच ड्यूटी.
एकदा माझ्या खांद्यावरून वाकले.
"काय बे, असा उघड्यावर कायले उभा हायेस?
समोर धुरा दिसत नाही काय?
गाडी धुऱ्यामागं घे. फक्त डोस्कं वर ठेव,
तुरीत रानडुक्कर उभं रायते तसं."
घेतली.
त्या रात्री नऊ गाड्या मारल्या, एक ओरखडा नाही.

मग रोज थांबू लागले.
"साहेबाच्या देशात हे धूड पयल्यांदा बनवलं
तवा कोनाले सांगाचं नव्हतं.
मजुराले म्हने, पान्याच्या टाक्या बनवून रायलो.
तेच नाव चिकटलं. टँक."
वर पाहिलं त्यांनी, सिमेंटच्या पोटाकडं.
"हे उलटं हाय. नाव खरं, पान्याचाच पत्ता नाही."
ती पहिली यंत्रं माणसाच्या चालीनं चालायची,
चिखलात रुतायची.
"आपल्या काळ्या जमिनीत फसली असती ना बाप्पा,
तर पोळ्याले बी निघाली नसती."

मी विचारलं, एकाहत्तरात तुमची गाडी
किती सेकंदांत रिलोड व्हायची?
"ते रामफळवर होतं."
मला वाटलं, फळाचं बोलतात.
"लोडर होता. रोहतककडचा.
हातभर लांब गोळा, कवेत घेऊन भरे,
लेकरू पाळण्यात ठेवते तसा.
सकाळी सहा सेकंद. दुपारी धा."
संध्याकाळचा आकडा सांगितला नाही.
किल्लीचा गंज नखानं काढत राहिले.
"तुमच्या खेळात लोडर थकत नाही ना?"
नाही, म्हटलं. त्याला अनुभवाचे गुण मिळतात.
"बरं हाय."

परवा म्हणाले, दे इकडं.
अंगठे जाड, ग्रीसनं काळे,
स्क्रीन ओळख देईना. धोतराला पुसले.
गाडी सुरू झाली
आणि लढाई सोडून भलतीकडंच निघाली,
नकाशाच्या टोकाला, जिथं कुणी जात नाही.
तिथं एक झाड आहे, शोभेपुरतं.
त्याच्या सावलीत त्यांनी गाडी लावली, सरळ,
घरच्या बैलबंडीसारखी.
चौघं ओरडत होते,
दफेदार, गाडी मागं घ्या, गुण कापून रायले!
त्यांचं बोट टरेटवरून फिरत होतं,
डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

"झाकन उघडाचं बटन कुठं हाय?"

नाही, म्हटलं. या खेळात झाकण उघडत नाही.

"आतून बी नाही?"

"आतून बी नाही."

मोबाइल माझ्या हातात आला तेव्हा ओला होता,
घाम असेल, मे महिना होता.
पाठीत गोळा बसला. जळलो. गॅरेज.
सव्वीस, पंचवीस, चोवीस.
पलीकडं अंधारात किल्ली फिरली,
टाकीच्या पोटातून हवा निघाली, लांबलचक.
वहीत काही लिहिलं नाही त्यांनी.
व्हॉल्व उघडाच ठेवून घरी गेले.